अंतिमतेची भिंत : मतदारसंघ पुनर्रचना, मतदानयंत्र आणि पडताळणीचा प्रश्न

प्रस्तावना

भारतीय निवडणूक सुधारणांची चर्चा गेली अनेक वर्षे प्रामुख्याने मतदानयंत्राभोवती फिरत आली आहे. यंत्रात फेरफार होऊ शकतो काय, कागदी पावत्या किती मोजाव्यात, मतपत्रिकेकडे परत जावे काय, हे प्रश्न न्यायालयांत, विधिमंडळांत आणि गावच्या पारावरही विचारले जातात. हे प्रश्न अनाठायी नाहीत. परंतु मतदाराने दिलेले मत यंत्रात पोहोचण्यापूर्वीच त्याचे वजन ठरलेले असते. ते कोणत्या मतदारसंघात मोजले जाणार, त्या मतदारसंघात किती लोक सामावलेले आहेत, तो कोणासाठी राखीव आहे, हे सर्व मतदारसंघ पुनर्रचनेने, म्हणजेच परिसीमनाने, ठरते. मोजणी अचूक असूनही मोजण्याचे माप असमान असेल तर निकाल न्याय्य म्हणता येत नाही.

प्रस्तुत लेखात मतदानयंत्र आणि मतदारसंघाची सीमारेषा या दोन गोष्टींकडे एकाच कसोटीतून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. सामान्य नागरिकाला तिची पडताळणी करता येते काय, ही ती कसोटी होय. यंत्राच्या बाबतीत ही कसोटी आपल्या न्यायव्यवस्थेने, कमीअधिक प्रमाणात का होईना, मान्य केली आहे. सीमारेषेच्या बाबतीत मात्र 'अंतिमता' या तत्त्वाच्या आधारे ती दीर्घकाळ नाकारली गेली. या तत्त्वाचा उगम, त्याचा प्रत्यक्ष उपयोग आणि त्याच्या मर्यादा यांची चिकित्सा करणे हा या लेखाचा उद्देश आहे. मतदारयाद्यांचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा असला तरी तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय असल्याने येथे विचारात घेतलेला नाही.

यंत्राच्या पडताळणीचा प्रवास

भारतात इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राचा पहिला प्रयोग १९८२ साली केरळमधील परवूर विधानसभा मतदारसंघात ५० मतदान केंद्रांवर झाला. त्याविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ए. सी. जोस विरुद्ध सिवन पिल्लई या १९८४ च्या निकालात, कायद्यात तरतूद नसताना यंत्राने मतदान घेता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. त्या केंद्रांवर फेरमतदानाचा आदेश झाला. पुढे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये कलम ६१-अ समाविष्ट करून यंत्राला वैधता देण्यात आली आणि २००४ ची लोकसभा निवडणूक देशभर यंत्रांवर पार पडली.

यानंतरचा टप्पा कागदी पुराव्याचा होता. नियमांत २०१३ मध्ये दुरुस्ती होऊन नागालँडमधील नोकसेन येथील पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट प्रथम वापरले गेले. त्याच वर्षी सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात असा कागदी माग ही मुक्त व न्याय्य निवडणुकीची आवश्यक अट असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. एप्रिल २०१९ मध्ये चंद्राबाबू नायडू प्रकरणात प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील एका केंद्राऐवजी पाच केंद्रांवरील पावत्या मोजण्याचा आदेश झाला. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात न्यायालयाने सर्व पावत्या मोजण्याची मागणी फेटाळली. परंतु चिन्हे भरण्याची उपकरणे ४५ दिवस सीलबंद ठेवणे आणि दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने लेखी मागणी केल्यास पाच टक्के यंत्रांची तपासणी करणे, या दोन नव्या तरतुदी केल्या.

हे पुरेसे आहे काय, याविषयी मतभेद आहेत आणि ते राहतील. सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घेऊन पाहण्याची तयारी केली व प्रशासनाने ती रोखली, ही घटना त्या मतभेदाची द्योतक आहे. तथापि या चार दशकांच्या प्रवासाची दिशा स्पष्ट दिसते. प्रत्येक वादानंतर काही ना काही तपासणीयोग्य पुरावा व्यवस्थेत वाढत गेला. जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी तेथील मतदानयंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरविताना जे तत्त्व मांडले, त्याकडे जाणारीच ही वाट आहे. निवडणुकीचे मूलभूत टप्पे विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही तपासता आले पाहिजेत, हे ते तत्त्व होय. आता हेच तत्त्व सीमारेषेला लावून पाहू.

अंतिमतेचा उगम

स्वतंत्र भारतातील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदारसंघांचे आदेश राष्ट्रपतींच्या नावे निघाले आणि त्यांत बदल करण्याचा अधिकार संसदेला होता. स्वतःच्या मतदारसंघाच्या सीमा स्वतःच बदलण्याची सोय त्यामुळे लोकप्रतिनिधींना मिळाली. या अनुभवातून १९५२ चा परिसीमन आयोग कायदा झाला आणि आयोगाचे आदेश अंतिम मानण्याची पद्धत सुरू झाली. पुढे १९६३, १९७३ आणि २००२ या वर्षी आयोग नेमले गेले. २००२ च्या अधिनियमाच्या कलम १० नुसार राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या आदेशाला कायद्याचे बळ प्राप्त होते आणि त्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येत नाही. आदेश लोकसभा व संबंधित विधानसभेपुढे ठेवले जातात. परंतु सभागृहाला त्यांत स्वल्पविरामही बदलता येत नाही.

थोडक्यात, अंतिमतेची ही भिंत उभारली गेली ती सत्ताधाऱ्यांचा व लोकप्रतिनिधींचा हात सीमारेषेपर्यंत पोहोचू नये म्हणून. हेतू योग्य होता. पण याच भिंतीने मतदाराचाही मार्ग अडविला. मेघराज कोठारी विरुद्ध परिसीमन आयोग या १९६६ च्या निकालात हे स्पष्ट झाले. उज्जैन हा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव केल्याने आपला उमेदवारीचा हक्क गेला, अशी तेथील एका मतदाराची तक्रार होती. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२९(अ) नुसार मतदारसंघांच्या परिसीमनाविषयीच्या कायद्याची वैधता न्यायालयात विचारता येत नाही. आयोगाचा प्रसिद्ध झालेला आदेश हाही असाच कायदा मानावा, असा अर्थ न्यायालयाने लावला. अन्यथा कोणीही मतदार या न्यायालयातून त्या न्यायालयात जाऊन निवडणुका अनिश्चित काळ रोखून धरील, हे त्यामागचे मुख्य कारण होते.

या युक्तिवादात दोन दोष आढळतात. पहिला असा की, संसदेने चर्चा करून संमत केलेला कायदा आणि तीन सदस्यांच्या आयोगाने काढलेला आदेश यांना एकाच पातळीवर आणले गेले. कायद्यामागे निवडून आलेल्या सभागृहाची जबाबदारी असते. आयोगाच्या आदेशामागे ती नसते. म्हणून तेथे कारणमीमांसेची आणि परीक्षणाची गरज अधिक असते. दुसरा दोष असा की, निवडणूक रोखली जाण्याची भीती ही वस्तुतः वेळेविषयीची भीती आहे. महाराष्ट्रात नव्या रचनेचा अंमल १९ फेब्रुवारी २००८ पासून सुरू झाला आणि तिच्यानुसार पहिली लोकसभा निवडणूक एप्रिल २००९ मध्ये झाली. मधल्या चौदा महिन्यांत ठरावीक मुदतीत आक्षेप ऐकून ते निकाली काढणे अशक्य नव्हते. वेळेची अडचण मुदत घालून सोडवता येते. तिच्यासाठी दारच बंद करण्याचे कारण नाही.

भिंत कोणासाठी ओलांडण्याजोगी?

अंतिमता जर खरोखरच सर्वांना सारखी लागू झाली असती, तर तिचे समर्थन काही अंशी करता आले असते. पण २००८ च्या घटनाक्रमाने या समजुतीला तडा दिला. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने झारखंडविषयीचा आपला आदेश ऑगस्ट २००७ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यानुसार अनुसूचित जमातींसाठी राखीव जागा घटणार असल्याने राज्यात तीव्र विरोध होता. या विरोधाची दखल घेऊन २००८ मध्ये अधिनियमात कलम १०-ब घालण्यात आले आणि झारखंडचा अंतिम आदेश कायद्याने निष्प्रभ ठरविण्यात आला. आसाम, अरुणाचल प्रदेश, मणिपूर व नागालँड या राज्यांतील पुनर्रचना फेब्रुवारी २००८ मधील राष्ट्रपतींच्या आदेशांनी पुढे ढकलण्यात आली.

झारखंडमधील आदिवासी समाजाची चिंता रास्त होती, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न प्रक्रियेचा आहे. एखाद्या मतदाराला ज्या आदेशाविषयी न्यायालयात एक वाक्य बोलता येत नाही, तोच आदेश राजकीय दबाव पुरेसा असेल तर संसद एका कलमाने पुसून टाकू शकते. ज्यांना रोखण्यासाठी भिंत उभारली त्यांनी ती ओलांडली आणि ज्यांच्या संरक्षणासाठी ती होती ते मात्र तिच्याबाहेर उभे राहिले, असा हा विरोधाभास आहे. शिवाय आयोगाच्या कामकाजात प्रत्येक राज्यातील पाच खासदार व पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात. त्यांना मताधिकार नसतो हे खरे. तरीही ज्यांच्या मतदारसंघाचा नकाशा आखला जात आहे तेच त्या टेबलाशी असतात. सामान्य मतदाराला फक्त मसुद्यावर हरकती व सूचना पाठविण्याची आणि जाहीर बैठकीत बोलण्याची संधी मिळते. त्याची हरकत का फेटाळली गेली, हे सांगण्याचे बंधन कायद्याने आयोगावर घातलेले नाही.

महाराष्ट्राचा अनुभव : विधानसभा व लोकसभा

२००१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६९ लाख होती. २८८ जागांनी भागल्यास प्रत्येक विधानसभा मतदारसंघाला सरासरी सुमारे ३ लाख ३६ हजार लोकसंख्या येते. या हिशेबाने २००८ च्या रचनेत ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या. मुंबई शहर जिल्ह्याच्या १७ वरून १० वर आल्या आणि उपनगर जिल्ह्याच्या १७ वरून २६ झाल्या. तीन दशके साचलेली विषमता दूर करण्याचे हे आवश्यक काम होते व त्याचे श्रेय आयोगाला दिले पाहिजे.

परंतु आकडे स्थिर राहत नाहीत. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत पनवेल आणि चिंचवड या मतदारसंघांत प्रत्येकी सहा लाखांहून अधिक मतदार होते. वडाळा मतदारसंघात ते सुमारे दोन लाख होते. दोन्ही ठिकाणी आमदार एकच. म्हणजे वडाळ्यातील एका मताचे वजन पनवेलमधील तीन मतांइतके झाले. नोकरीनिमित्त महामुंबईच्या कडेला वसलेल्या कुटुंबाने आपले मत अचूक नोंदविले, यंत्राने ते अचूक मोजले, कागदी पावतीही जुळली, तरीही ते मत एक तृतीयांशच उरले. या तफावतीची नोंद कोणत्याही पावतीवर होत नाही.

राज्याराज्यांतील तफावत याहून नाजूक आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेतील राज्यनिहाय जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठविल्या. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ही स्थिती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली, तर २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीने राज्यांतर्गत सीमा २००१ च्या जनगणनेनुसार आखण्याची मुभा दिली. २०११ च्या जनगणनेनुसार केरळमध्ये एका खासदारामागे सुमारे १६ लाख ७० हजार, तमिळनाडूत १८ लाख ५० हजार, महाराष्ट्रात २३ लाख ४० हजार, उत्तर प्रदेशात २५ लाख आणि राजस्थानात २७ लाख ४० हजार लोक येतात. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांना शिक्षा होऊ नये, हे गोठवणुकीचे कारण गंभीर आहे. ते मान्य करूनही एवढे म्हणता येईल की, राज्याराज्यांतील तडजोड हा संघराज्याचा प्रश्न आहे. पनवेल आणि वडाळा यांच्यातील तफावतीला तशी कोणतीही सबब नाही.

आरक्षणाच्या निवडीतही कारणमीमांसेची उणीव जाणवते. २००८ च्या रचनेत सोलापूर व शिर्डी हे लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाले आणि पूर्वी राखीव असलेला पंढरपूर मतदारसंघ नकाशावरून नाहीसा झाला. आरक्षणाच्या तत्त्वाविषयी येथे प्रश्न नाही; ते घटनेने दिलेले प्रतिनिधित्व आहे. अनुसूचित जातींच्या जागा राज्याच्या निरनिराळ्या भागांत, शक्यतो त्यांचे प्रमाण तुलनेने अधिक असलेल्या क्षेत्रांत, ठेवाव्यात असे कायदा सांगतो. या दोन निकषांचा मेळ घालताना कोणते पर्याय तपासले व कोणते का नाकारले, हे प्रसिद्ध होणे आरक्षणाच्याच हिताचे आहे. कारण दिले नाही की संशयाला जागा मिळते आणि त्या संशयाचा भार राखीव मतदारसंघातून निवडून येणाऱ्या प्रतिनिधीला वाहावा लागतो.

महाराष्ट्राचा अनुभव : प्रभाग

सीमारेषेवर राजकीय हात किती सहज फिरतो, याचे ठळक उदाहरण महानगरपालिकांच्या प्रभाग रचनेत दिसते. मुंबई वगळता राज्यातील महानगरपालिकांत २००२ मध्ये त्रिसदस्यीय, २००७ मध्ये एकसदस्यीय, २०१२ मध्ये द्विसदस्यीय आणि २०१७ मध्ये चारसदस्यीय प्रभाग पद्धती होती. २०१९ च्या अखेरीस पुन्हा एकसदस्यीय पद्धतीकडे जाण्याचे ठरले, सप्टेंबर २०२१ मध्ये त्रिसदस्यीय पद्धतीचा निर्णय झाला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सत्तांतरानंतर २०१७ चीच रचना पुन्हा स्वीकारली गेली. मुंबईत प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ करण्यात आली व नंतर ती पुन्हा २२७ वर आणली गेली. दरम्यान मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभाग रचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून राज्य शासनाकडे घेतला.

प्रत्येक बदलाचे समर्थन त्या त्या वेळी प्रशासकीय सोय म्हणून करण्यात आले. मोठ्या प्रभागात संघटित पक्षाला लाभ होतो व अपक्ष किंवा स्थानिक कार्यकर्ता मागे पडतो. लहान प्रभागात याच्या उलट घडते, हे मात्र नगरपालिकेच्या राजकारणाशी परिचय असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. येथे प्रभागांची लोकसंख्या समान असूनही रचना पक्षपाती असू शकते. म्हणून समान लोकसंख्या ही न्याय्य सीमेची आवश्यक अट असली तरी पुरेशी अट नाही. रचना कोण करतो, केव्हा करतो आणि कोणत्या कारणासाठी करतो, हेही तपासता आले पाहिजे.

राठोड निकाल आणि त्याची मर्यादा

२३ जुलै २०२४ रोजी किशोरचंद्र राठोड विरुद्ध भारत संघ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचे पाऊल टाकले. गुजरातमधील बारडोली विधानसभा मतदारसंघाच्या आरक्षणाविरुद्धची याचिका उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अनुच्छेद ३२९(अ) च्या आधारे फेटाळली होती. आयोगाचा आदेश उघडपणे मनमानी आणि घटनात्मक मूल्यांशी विसंगत असेल तर न्यायालयाला त्याचे परीक्षण करता येते, असे न्यायमूर्ती सूर्य कांत व उज्जल भुयान यांच्या पीठाने म्हटले. कोठारी निकालाची भिंत पाडली गेली नाही. तिला एक खिडकी पडली.

या खिडकीचे स्वागत करतानाच तिची मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. उच्च न्यायालयाच्या निकालापासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत जवळपास बारा वर्षे गेली आणि त्या काळात गुजरात विधानसभेच्या २०१२, २०१७ व २०२२ अशा तीन निवडणुका झाल्या. दुसरे असे की, मनमानी सिद्ध करण्यासाठी कारणे उपलब्ध असावी लागतात. कारणेच प्रसिद्ध नसतील तर याचिकाकर्त्याने दाखवावे तरी काय? तसेच कायद्यात लोकसंख्येच्या विचलनाची कोणतीही संख्यात्मक मर्यादा नाही. 'व्यवहार्य असेल तेथवर' एवढेच शब्द आहेत. जम्मू-काश्मीरच्या २०२२ मधील रचनेत आणि आसामच्या २०२३ मधील रचनेत सरासरीच्या दहा टक्के वरखाली असे जे माप वापरले गेले, ते संबंधित यंत्रणांनी स्वतःच ठरविले होते. जम्मू-काश्मीरमध्ये वाढलेल्या सात जागांपैकी सहा जम्मू विभागाला मिळाल्या. २०११ च्या जनगणनेत त्या विभागाचा लोकसंख्येतील वाटा सुमारे ४४ टक्के होता. नव्या रचनेत ९० पैकी ४३ जागा, म्हणजे जवळपास ४८ टक्के, त्याच्याकडे आल्या. दुर्गम भूभाग व सीमावर्ती क्षेत्र ही त्यामागची कारणे विचारार्ह असतीलही. पण त्यांना किती वजन द्यावे याचे माप कायद्यात नसल्याने ती योग्य की अयोग्य हे ठरविण्याचा मार्ग उरत नाही. ब्रिटनमध्ये २०११ च्या कायद्याने काही संरक्षित मतदारसंघ वगळता पाच टक्क्यांची मर्यादा घातली आहे, ही तुलना या संदर्भात उद्बोधक ठरते.

निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनावरून असे दिसते की, मतदानयंत्राच्या बाबतीत आपण विश्वासाकडून पुराव्याकडे सरकलो आहोत. मतदारसंघाच्या सीमेच्या बाबतीत अद्याप केवळ विश्वासावर विसंबून आहोत. मारकडवाडीच्या ग्रामस्थांना यंत्राविषयी शंका आली तेव्हा निदान मतपत्रिका छापून पाहण्याचा विचार तरी त्यांना करता आला. सीमारेषेविषयी शंका आलेल्या मतदाराच्या हाती असे कोणतेच साधन नाही.

यासाठी पुढील चार सुधारणा विचारार्थ मांडाव्याशा वाटतात. पहिली, राज्यांतर्गत मतदारसंघांच्या लोकसंख्येतील विचलनाची कमाल मर्यादा अधिनियमातच नमूद करावी आणि ती ओलांडली जाईल तेथे लेखी कारण बंधनकारक करावे. दुसरी, अंतिम नकाशाबरोबर विचारात घेतलेले पर्याय, सहयोगी सदस्यांच्या सूचना आणि हरकती स्वीकारण्याची वा फेटाळण्याची कारणे मराठीसह राज्यभाषांत प्रसिद्ध करावीत. तिसरी, आदेश प्रसिद्ध झाल्यापासून साठ दिवसांत आक्षेप दाखल करता यावा, तो विशेष पीठाने ठरावीक मुदतीत निकाली काढावा आणि त्या काळात निवडणुकीला स्थगिती देता येऊ नये. श्रीमंत उमेदवार खटल्यांचा उपयोग विलंबासाठी करतील, या आक्षेपाला यातून उत्तर मिळते. चौथी, प्रभाग रचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडे परत द्यावा आणि प्रभागातील सदस्यसंख्या दोन जनगणनांच्या दरम्यान बदलता येऊ नये.

१ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक असलेल्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने महिलांच्या आरक्षणाची अंमलबजावणीही जनगणनेनंतरच्या पुनर्रचनेशी जोडली. त्यामुळे पुढील पुनर्रचनेवर केवळ सीमांचा नव्हे, अर्ध्या लोकसंख्येच्या प्रतिनिधित्वाचाही भार आहे. एकदा नकाशा राजपत्रात आला की त्यावर काही दशके निवडणुका होतात, हा आजवरचा अनुभव आहे. म्हणून नकाशा आखण्याचे नियम नकाशा आखण्यापूर्वी, कोणाचा लाभ व कोणाची हानी हे उघड होण्याआधी, ठरणे अगत्याचे आहे. अंतिमता हा निर्णयाचा शेवट असू शकतो. त्याची कारणे विचारण्याच्या हक्काचा शेवट तो असू नये.